नवे लाँचपॅड बांधण्याआधी जुन्या पॅडवरचे तास मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एक जुनं सरकारी प्रक्षेपण केंद्र आहे, तिथून वर्षाला पाच-सहा उड्डाणं होतात. आता खासगी कंपन्यांना दर आठवड्याला एक उड्डाण हवं आहे. मग केंद्राचं आधुनिकीकरण म्हणजे नेमकं काय करायचं, आणि पैसा हाती आला तर आधी नवे लाँचपॅड बांधायचे की दुसरं काही? मी बरीच वर्षं जमिनीवरच्या यंत्रणांचं काम करत आलोय. इंधन भरण्याच्या वाहिन्या, वायूंचा पुरवठा, उड्डाणानंतर पॅड पुन्हा कामाला लावणं हा माझा रोजचा व्यवहार, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. रॉकेट बनवणारा कदाचित दुसऱ्या टोकाने सुरुवात करेल.

माझ्या मते नवा पॅड खर्चाच्या यादीत बराच खाली येतो. उड्डाणं अडतात ती बहुतेक वेळा पॅड कमी पडतात म्हणून नव्हे, तर एकाच उड्डाणासाठी पॅड, रडार, टँकर, स्वच्छ खोल्या आणि माणसं गरजेपेक्षा जास्त वेळ अडकून पडतात म्हणून. तेव्हा ‘पॅड किती हवेत’ याच्या आधी ‘एक उड्डाण कुठली गोष्ट किती तास अडवून ठेवतं’ हे विचारायला हवं.

एक साधा हिशेब करू. समजा रॉकेट पॅडवरच टप्प्याटप्प्याने उभं केलं जातं आणि त्यात अठरा दिवस जातात. उड्डाणानंतर साफसफाई आणि तपासणीला आणखी दोन दिवस. म्हणजे पॅड वीस दिवस गुंतला आणि सगळं सुरळीत झालं तरी वर्षाला अठरा उड्डाणं. तसाच दुसरा पॅड बांधला की छत्तीस. पण जुळणी आणि चाचण्या बाजूच्या इमारतीत नेऊन पॅडचा मुक्काम चार दिवसांवर आणला, तर त्याच एका पॅडवर कागदोपत्री नव्वदच्या आसपास जागा निघते. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण प्रमाण खरं आहे. इमारतही स्वस्त नसते. मात्र पॅडला लागणारा ज्वाला-खंदक (रॉकेटची आग बाजूला वळवणारा खोल चर), पाण्याचा मारा, इंधनाच्या टाक्या, विजेपासून बचाव करणारे मनोरे आणि सुरक्षिततेसाठी मोकळी सोडावी लागणारी जमीन यातलं बरंच काही तिला लागत नाही.

प्रत्यक्षातही असंच दिसतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून २०२४ मध्ये ९३ उड्डाणं झाली आणि त्यातली बहुतेक फक्त दोन पॅडवरून. एक केप कॅनव्हरलचा क्रमांक ४०, जो मुळात १९६०च्या दशकात टायटन रॉकेटसाठी बांधला होता. दुसरा केनेडी केंद्रातला ३९-ए, जिथून अपोलोची माणसं चंद्राकडे निघाली. दोन्ही जुने पॅड, फक्त वापरायची पद्धत नवी. क्रमांक ४० वर दोन उड्डाणांमधलं अंतर तीन दिवसांच्याही खाली आलेलं आहे. तुलनेसाठी आपलं श्रीहरिकोटा घ्या: तिथून पहिलं मोठं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी झालं आणि शंभरावं २९ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी.

पण ही तुलना जशीच्या तशी वापरू नका. फ्लोरिडातली बहुतेक उड्डाणं स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटची, आणि २०२४ मधली फाल्कन ९ ची सुमारे दोन तृतीयांश उड्डाणं त्याच कंपनीच्या स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांची होती. रॉकेट आणि उपग्रह एकाच मालकाचे, पॅडही त्याच्याच हाती, उपग्रह एकसारखे, उशीर झाला तर भांडायला बाहेरचा ग्राहक नाही. तुमच्या केंद्रावर चार कंपन्यांची चार तऱ्हेची रॉकेटं येणार असतील तर तो वेग मिळणार नाही, आणि मिळेल असं गृहीत धरून कर्ज काढू नये. रॉकेट किती प्रकारची, इंधन कुठलं, ग्राहक कोण, शेजारी किती जवळ यावर माझं बरंचसं उत्तर बदलतं. पुढे जे सांगतोय ते द्रव इंधनाचं मध्यम आकाराचं रॉकेट डोळ्यांसमोर ठेवून.

सुरुवात पॅडवरचं काम पॅडवरून हलवण्यापासून. रेल्वेत डबे धुणं, दुरुस्ती, जोडणी यार्डात होते. फलाटावर गाडी येते ती फक्त माणसं घ्यायला. पॅडकडे तसं बघायची सवय लागली की अर्धे निर्णय आपोआप सुचतात. श्रीहरिकोटाच्या पहिल्या पॅडवर इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट वर्षानुवर्षं पॅडवरच, चालत्या मनोऱ्याच्या पोटात जोडलं जायचं. २००५ मध्ये दुसरा पॅड आला तो वेगळ्या विचाराने: उंच इमारतीत जोडणी करायची आणि रॉकेट उभंच्या उभं रुळांवरून पॅडपर्यंत न्यायचं. पुढे पहिल्या पॅडसाठीही पीएसएलव्ही जोडणीची वेगळी इमारत उभी राहिली, जिचा वापर एप्रिल २०२३ मधल्या सी-५५ उड्डाणापासून सुरू झाला. त्या पॅडची क्षमता वर्षाला सहावरून पंधरा उड्डाणांपर्यंत नेणं हे उद्दिष्ट होतं. नवा पॅड न बांधता क्षमता अडीच पट करायचा हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

चीनच्या हैनान बेटावरच्या व्यावसायिक केंद्राने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे जोडणी आडवी, चाचणी आडवी आणि पॅडपर्यंतची नेआणही आडवी. फाल्कन ९ चंही तसंच आहे. आडव्या रॉकेटला उंच इमारत लागत नाही आणि माणसं जमिनीवर उभी राहून काम करतात, त्यामुळे कामही सुरक्षित आणि वेगात होतं. मात्र काही मोठे उपग्रह आडवे धरलेले चालत नाहीत, विशेषतः काही लष्करी उपग्रह, आणि त्यांच्यासाठी पॅडवर उभा मनोरा ठेवावाच लागतो. तुमच्या ग्राहकांत असे किती, हे आराखडा काढण्याआधी विचारून घ्या, कारण नंतर मनोरा जोडणं फार महाग पडतं.

आता उड्डाणानंतरचे तास. आधुनिकीकरणाच्या अहवालात यावर जेमतेम एक परिच्छेद असतो आणि प्रत्यक्षात वेळ इथेच गळतो.

उड्डाणानंतर पॅडवर पहिलं पथक जातं तेव्हा हातात वायू मोजणारी उपकरणं असतात. कुठे इंधनाची वाफ साचली आहे का, ऑक्सिजनचं प्रमाण ठीक आहे का, हे बघूनच बाकीच्यांना आत सोडतात. समोर काजळी, करपलेली केबलची वेष्टणं, वाकलेला पत्रा. या सगळ्यापेक्षा माझी नजर आधी जाते ती अंबिलिकलच्या पाटीकडे. रॉकेट निघतानाच्या क्षणी इंधनाच्या, वायूच्या आणि विजेच्या जोडण्या इथूनच सुटतात. ऑक्सिजनच्या जोडणीच्या तोंडावर एक सील असतं. उणे १८३ अंशांवर ते दगडासारखं कडक होतं, आणि त्याच्या बैठकीवर केसाएवढा ओरखडा असला तरी पुढच्या वेळी इंधन भरताना तिथून गळती होते. ती कळते काउंटडाउन सुरू असताना, तेव्हा एका ओरखड्यापायी अख्खा दिवस जातो.

जुनी पद्धत अशी, की तंत्रज्ञ पॅडवरच वाकून ते तोंड घासणार, सील बदलणार, हेलियम भरून गळती तपासणार आणि पुन्हा घासणार. त्यात दीड-दोन दिवस सहज जातात. नव्या पद्धतीत अख्खी पाटीच चार-सहा बोल्ट काढून उतरवायची, तपासून तयार ठेवलेली दुसरी बसवायची आणि उतरवलेली कार्यशाळेत न्यायची, जिथे ऊन-वारा नाही आणि घाईही नाही. दुरुस्ती पॅडवर करायची नाही, पॅडवर फक्त बदलायचं, हा नियम एकदा पाळायला लागलं की तास झपाट्याने कमी होतात. त्यासाठी प्रत्येक भागाचे दोन-तीन संच विकत घ्यावे लागतात आणि लेखा विभागाला ते पटवणं जड जातं. पटवाच, कारण पॅड एक दिवस बंद राहण्याची किंमत त्या संचापेक्षा जास्त असते.

याच्याच जोडीला नोंदी ठेवा. नेहमी एका सेकंदात उघडणारा व्हॉल्व्ह गेल्या तीन उड्डाणांत हळूहळू दीड सेकंदावर आला असेल तर तो बिघडलेला नसतो, पण बिघडणार असतो. तो आपण ठरवलेल्या दिवशी बदलता येतो किंवा त्याने ठरवलेल्या दिवशी. वर्षाला पाच उड्डाणं असताना दर वेळी सगळं उघडून बघणं परवडतं. आठवड्याला एक म्हटलं की नोंदी वाचून नेमकं तेवढंच उघडावं लागतं.

ज्वाला-खंदकाचंही तसंच. ३१ मे २००८ रोजी डिस्कव्हरी शटल निघालं तेव्हा ३९-ए च्या खंदकाच्या भिंतीतून सुमारे साडेतीन हजार उष्णतारोधक विटा उखडून दूरवर फेकल्या गेल्या. २० एप्रिल २०२३ रोजी स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात तर पॅडखालचं काँक्रीटच फुटून उडालं. त्यानंतर तिथे खालून पाण्याचे फवारे मारणारी पोलादी प्लेट बसवली गेली. क्वचित उड्डाणं असतील तर दर वेळी डागडुजी करून भागतं. वारंवार उडायचं तर झीज सोसणाऱ्या विटांपेक्षा पाण्याने थंड ठेवलेलं पोलाद मला योग्य वाटतं. पाण्याचा हिशेब मात्र आधीच करा. शटलच्या काळात आवाज दाबण्यासाठी एका उड्डाणाला ११ लाख लिटरहून जास्त पाणी लागायचं. ते पुन्हा भरायला किती तास लागतात, आणि वापरलेलं पाणी साठवून, तपासून, शुद्ध करून सोडायची काय सोय आहे, हे दोन प्रश्न सोडवल्याशिवाय आठवड्याचं वेळापत्रक लिहू नका.

आणि गंज. प्रक्षेपण केंद्रं बहुधा समुद्राकाठी असतात. खारी हवा आणि त्यात घन इंधनाच्या बूस्टरच्या धुरातून येणारं हायड्रोजन क्लोराइड मिळालं की ३०४ प्रतीच्या स्टेनलेस नळ्यांवरही बारीक खड्डे पडतात. वरून नळी चकचकीत दिसते आणि आतून भोक पडायच्या बेतात असते. वापर वाढला की नळ्या धुऊन काढायला आणि रंगकामाला मोकळे आठवडे उरत नाहीत. म्हणून नव्याने टाकायच्या वाहिन्या जास्त चांगल्या मिश्रधातूच्या घ्या. सुरुवातीला महाग पडतात, पण तुमच्याकडे जी गोष्ट सर्वांत कमी आहे, म्हणजे पॅडचा वेळ, ती वाचवतात.

आता वायू, म्हणजे माझा जिव्हाळ्याचा विषय. फाल्कन ९ एवढ्या रॉकेटमध्ये सुमारे ५०० टन इंधन आणि ऑक्सिजन मावतो. त्यातला साडेतीनशे टनांच्या आसपास द्रव ऑक्सिजन. वीस टनांचा टँकर धरला तर एका उड्डाणाला सतरा-अठरा टँकर, उकळून उडून जाणारा वेगळाच. उड्डाण पुढे ढकललं तर आणखी. आठवड्याला दोन उड्डाणं म्हणजे पस्तीस-चाळीस टँकर फक्त ऑक्सिजनचे. ते टँकर कुठल्या फाटकातून येणार, कुठे थांबणार, किती जण एकाच वेळी रिकामे होऊ शकतात? शेजारच्या पॅडवर इंधन भरणं सुरू असेल तेव्हा तो रस्ता बंद असतो, हे कुणी वेळापत्रकात धरलंय का? मी बघितलेल्या बऱ्याच आराखड्यांत पॅडचं चित्र सुरेख असतं आणि टँकर उतरवायची जागा दोनच गाड्यांची असते.

२०२१ मध्ये हे सगळ्यांना दिसलं. कोविडमुळे रुग्णालयांना द्रव ऑक्सिजन पोहोचवण्यासाठी टँकर वळवले गेले आणि कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग प्रक्षेपण केंद्राला द्रव नायट्रोजन वेळेवर पोहोचेना. लँडसॅट-९ उपग्रहाचं उड्डाण त्यामुळे पुढे ढकलावं लागलं. ते अखेर २७ सप्टेंबर २०२१ रोजी झालं. रॉकेट तयार, उपग्रह तयार, पॅड तयार, पण नायट्रोजन नाही. २०२२ च्या वसंतात नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेच्या चाचण्यांतही बाहेरच्या कारखान्यातून येणाऱ्या नायट्रोजनच्या पुरवठ्याने खोळंबा केला.

नायट्रोजन जळत नाही, ढकलत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण वाहिन्या आणि रॉकेटचे कप्पे कोरडे व सुरक्षित ठेवायला तो तासन्‌तास वाहता ठेवावा लागतो. दोन पॅडवर एकाच वेळी काम सुरू झालं आणि वाहिनी एकच असली, तर दाब घसरतो आणि दोघांनाही थांबावं लागतं. केप कॅनव्हरलसारख्या जागी ही वाहिनी अनेकांच्या सामायिक मालकीसारखी झालेली असते. म्हणून आधुनिकीकरणात माझा आग्रह असा, की दोन पॅड एकदम चालतील एवढी नायट्रोजनची क्षमता आणि मोठा साठा आधी करा. हेलियमचा साठाही वाढवा, कारण त्याचा बाजार लहरी असतो. महिन्याला चार-पाच उड्डाणं पक्की झाली की हवेतून ऑक्सिजन-नायट्रोजन वेगळं करणारा स्वतःचा कारखाना केंद्राजवळ उभारण्याचा विचार करा. त्याला वीज भरपूर लागते, एका टनामागे शेकडो युनिट, तेव्हा वीजजोडणीचा अर्ज कारखान्याच्याही आधी द्यावा लागतो.

वेग वाढवताना नायट्रोजनचा धोकाही वाढतो आणि हे मला मनापासून सांगावंसं वाटतं. १९ मार्च १९८१ रोजी कोलंबिया शटलच्या पहिल्या उड्डाणाआधीच्या तालमीनंतर तंत्रज्ञ मागच्या कप्प्यात शिरले. कप्पा नायट्रोजनने भरलेला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जीव गेले. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही, माणूस सरळ कोसळतो. वेळापत्रक ऐन वेळी बदलतं, पाळी बदलते, निरोप अर्धाच पोहोचतो, आणि वारंवार उड्डाणांच्या केंद्रावर तर हे रोजचं होणार. म्हणून ऑक्सिजन मोजणारे कायमचे संवेदक, आणि परवानगी मिळाल्याशिवाय प्रत्यक्ष उघडणारच नाहीत अशी दारं, यांचा खर्च कधीही कापू नका. फलकावर लिहिलेली सूचना पुरेशी नसते.

आता उड्डाणाची सुरक्षा, म्हणजे ज्याला सगळे ‘रेंज’ म्हणतात. पूर्वी रॉकेट भरकटलं तर जमिनीवरून एक अधिकारी नाशाचा आदेश द्यायचा. त्यासाठी रडार, आदेश पाठवणारी केंद्रं आणि मोठा कर्मचारीवर्ग दर वेळी मांडावा लागे, आणि एका रॉकेटची मांडणी मोडून दुसऱ्याची करायला दिवस जात. आता रॉकेटवरचाच संगणक स्वतःची जागा आणि वेग पाहून, ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे निर्णय घेतो. फाल्कन ९ ने ही स्वयंचलित यंत्रणा मुख्य यंत्रणा म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिल्यांदा वापरली. न्यूझीलंडमधल्या माहियाहून रॉकेट लॅबने २०१९ मध्ये. माझ्या मते फ्लोरिडाचा वेग वाढण्यात पॅडच्या बरोबरीने हिचा वाटा आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी तिथून अनेक दशकांनंतर ध्रुवीय कक्षेसाठी दक्षिणेकडे उड्डाण झालं, त्यामागेही हीच यंत्रणा होती. जुन्या केंद्राला यात विकत घ्यायचं फार काही नसतं; नियम बदलायचे असतात, यंत्रणा प्रमाणित करायची असते आणि कंपन्यांना ती सक्तीची करायची असते. पैसा कमी, पण चिकाटी खूप लागते.

आकाश आणि समुद्र मोकळे करणं हाही वेळेचाच हिशेब. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०२१ मध्ये रॉकेटची माहिती थेट हवाई नियंत्रकांना दाखवणारी प्रणाली सुरू केली, आणि त्यांच्या सांगण्यानुसार हवाई हद्द बंद ठेवण्याचा काळ सरासरी चार तासांहून जास्त होता तो दोन तासांच्या आसपास आला. वर्षाला पाच वेळा विमानं वळवली तर कुणी बोलत नाही, पन्नास वेळा वळवली तर विमान कंपन्या आणि मच्छीमार दोघंही दाराशी येतात, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं. किनाऱ्यावरच्या लोकांचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने व्हँडेनबर्गची उड्डाणं वर्षाला पन्नासपर्यंत वाढवण्याला विरोध नोंदवला. त्यांच्या तक्रारींत ध्वनिस्फोट आणि किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीचा मुद्दा होता. शेजाऱ्यांशी बोलणं वेग वाढवण्याआधी सुरू व्हायला हवं.

उपग्रहांच्या तयारीच्या स्वच्छ खोल्या बहुतेक जण विसरतात. पॅड चार दिवसांत मोकळा होतो, पण बाहेरून आलेला उपग्रह तीन-चार आठवडे एक खोली अडवून बसतो. त्याची तपासणी, विषारी इंधन भरणं, उष्णताकवचात बंद करणं, हे सगळं तिथेच होतं. दर आठवड्याला वेगळा ग्राहक हवा असेल तर अशा चार-पाच खोल्या एकाच वेळी चालू लागतील, आणि विषारी इंधन भरण्याची खोली बाकीच्यांपासून दूर लागेल. २०२५ मध्ये अमेरिकेच्या स्पेस फोर्सने व्हँडेनबर्गला ही क्षमता वाढवण्यासाठी अ‍ॅस्ट्रोटेक कंपनीला ७ कोटी ७५ लाख डॉलरचं कंत्राट दिलं, म्हणजे कोंडी तिथे आहे हे त्यांनाही दिसलं. बूस्टर, म्हणजे रॉकेटचे पुन्हा वापरायचे खालचे भाग, समुद्रात तराफ्यावर उतरणार असतील तर बंदरातला धक्का हाही त्याच साखळीतला दुवा. तिथे क्रेन एकच असेल तर पॅड कितीही वेगवान असून उपयोग नाही.

इथवरचं थोडक्यात: पॅडवरचं काम बाहेर काढा, दुरुस्तीऐवजी बदलायची पद्धत आणा, वायूंची क्षमता वाढवा, उड्डाण सुरक्षा स्वयंचलित करा, स्वच्छ खोल्या वाढवा. आता दुसऱ्या पॅडकडे येतो, कारण तो कधीच बांधू नये असं मी म्हणत नाही.

दुसरा पॅड मला हवा असतो तो विमा म्हणून. १ सप्टेंबर २०१६ रोजी क्रमांक ४० वर इंधन भरताना फाल्कन ९ चा स्फोट झाला, आणि त्या पॅडवरून पुढचं उड्डाण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. चौकशीसाठी काही महिने उड्डाणं थांबली, पण ती पुन्हा सुरू झाल्यावर ३९-ए होता म्हणून फ्लोरिडातलं काम पॅडअभावी अडलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सला अँटारेस रॉकेट पॅडच्या शेजारीच कोसळलं; तिथून ते पुन्हा उडालं ऑक्टोबर २०१६ मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये कझाकस्तानातल्या बैकोनूरला अंतराळवीरांना घेऊन सोयूझ निघाल्यावर पॅडखालचा सेवा-मंच कोसळला, आणि रशियाचा माणसं पाठवायचा तेवढाच एक पॅड होता. ग्राहकांना लेखी शब्द दिला असेल तर एका पॅडवर सगळं टांगून ठेवणं मी मान्य करणार नाही. पण हा दुसरा पॅड दूर बांधा. एका पॅडवर इंधन भरताना शेजारचा रिकामा करावा लागत असेल, तर दोन पॅड मिळून दीडच पॅडचं काम होतं. मिथेनच्या मोठ्या रॉकेटांसाठी ही मोकळी सोडायची जागा आणखी वाढते.

सर्वांना चालेल असा एकच सामायिक पॅड बांधायचा मोह होईल. त्याबाबत सावध राहा. शटलनंतर नासाने ३९-बी वरचे मनोरे काढून तो मोकळा केला, की कुणीही आपला प्रक्षेपण-मंच घेऊन यावं. कल्पना चांगली होती, पण तिथून नियमित उडणारी खासगी कंपनी आली नाही. छोट्या रॉकेटांसाठी २०१५ मध्ये तयार केलेल्या ३९-सी वरून कक्षेत जाणारं एकही उड्डाण झालं नाही. प्रत्येक रॉकेटची उंची, जोडण्या, दाब, इंधनाचं तापमान वेगळं असतं. जे सामायिक होऊ शकतं ते म्हणजे रस्ते, वीज, पाणी, नायट्रोजन, हवामान केंद्र, सुरक्षा, अग्निशमन. केंद्राने ते द्यावं आणि मंच व जोडण्या ज्याच्या त्याने आणाव्यात. ही वाटणी सर्वांत टिकाऊ असते, असं माझं मत आहे.

वेळापत्रकाबद्दल एकच सांगतो. क्षमता पन्नासची असेल तर पन्नास उड्डाणं विकू नका. वारा, वीज, समुद्रात शिरलेली बोट, बिघडलेला व्हॉल्व्ह, यातलं काही ना काही होतंच. अतिथंड ऑक्सिजन वापरणाऱ्या रॉकेटला तर काउंटडाउनच्या शेवटी थोडं थांबायचीही मुभा नसते. थांबलं की ऑक्सिजन तापतो आणि बहुधा तो दिवस गेला. एक उड्डाण सरकलं की मागची सगळी सरकतात. मी प्रत्येक उड्डाणामागे एक राखीव दिवस धरतो आणि पस्तीस-चाळीसच्या वर शब्द देऊ नका असं सांगतो. माणसांच्या पाळ्याही त्याच हिशेबाने लावा. थकलेला तंत्रज्ञ उणे १८३ अंशांच्या वाहिनीजवळ नको.

शेवटी पैसा कुणी भरायचा. अमेरिकेत बराच काळ सरकारी तळांना कंपन्यांकडून फक्त थेट खर्च वसूल करता यायचा. रस्ते, वीज, पाणी यांची झीज सरकारच्या खात्यावर. २०२४ च्या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्याने अप्रत्यक्ष खर्चाचा वाटाही घ्यायची परवानगी दिली, आणि दोन्ही किनाऱ्यांवरच्या केंद्रांच्या सुधारणेसाठी पाच वर्षांत सुमारे १३० कोटी डॉलरची योजना आखली गेली. तुम्ही नवी व्यवस्था लावत असाल तर दर उड्डाणामागे सामायिक सोयींचा आकार पहिल्या करारातच लिहा. नंतर तो मागायला गेलात की प्रत्येक कंपनी वकील घेऊन येते.

तेव्हा पहिलं काम म्हणून केंद्राच्या गेल्या दहा उड्डाणांच्या नोंदी मागवा. प्रत्येक उड्डाणासाठी पॅड, स्वच्छ खोली, नायट्रोजनची वाहिनी, रडार आणि टँकरची जागा किती तास अडकली ते एका तक्त्यात मांडा. ज्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा येईल तिथे पहिला रुपया घाला. तक्ता तयार झाला की इथे टाका. वायूंचे रकाने मी स्वतः तपासून देईन.